मुलाची चाल किती बिघडली आहे, हे व्हिडिओवरून कसं मोजतात?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची चाल सुधारतेय की बिघडतेय, हे नुसत्या अंदाजाने सांगणं अवघड असतं. त्यासाठी २००३ मध्ये ‘एडिनबरा व्हिज्युअल गेट स्कोअर’ ही पद्धत प्रसिद्ध झाली.

मूल चालताना समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ काढतात. तो थांबवत-थांबवत पाहून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट प्रत्येक पायाच्या १७ गोष्टी तपासतात. टाच आधी टेकते का? गुडघा किती वाकतो? प्रत्येक गोष्टीला ० ते २ गुण, म्हणजे एका पायाला जास्तीत जास्त ३४. गुण जितके जास्त, तितका दोष गंभीर.

यासाठी महागडी गेट लॅब लागत नाही. त्यामुळे घोटीसारख्या गावातही ही तपासणी होऊ शकते. शस्त्रक्रियेआधीचा व्हिडिओ जपून ठेवा. उपचाराचा फायदा झाला का, हे नंतर त्यावरूनच ताडून पाहता येतं.