लिंग (जीवविज्ञान)

लैंगिक प्रजोत्पादनात जीव कोणत्या प्रकारची जननपेशी तयार करतो, यावरून ठरणारा नर-मादी हा भेद. मोठी, अन्नसाठा बाळगणारी अंडपेशी तयार करते ती मादी; लहान, बहुधा पोहत जाणारी शुक्रपेशी तयार करतो तो नर. मानवी अंडपेशीचा व्यास सुमारे ०.१ मिमी. असतो, म्हणजे ती नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसू शकते. शुक्रपेशीचे डोके जेमतेम ०.००५ मिमी. भरते. मधल्या आकाराची तिसरी जननपेशी प्राण्यांत आढळत नाही. पार्कर, बेकर व स्मिथ यांनी १९७२ मध्ये याची मीमांसा केली : पेशींची संख्या वाढवणे आणि गर्भाला भरपूर साठा पुरवणे एकाच वेळी साधत नाही, म्हणून निसर्गनिवडीत दोन टोके टिकतात. क्लॅमिडोमोनस शैवालाच्या अनेक जातींत जननपेशी सारख्याच आकाराच्या असतात. तेथे नर-मादी नसून केवळ धन व ऋण प्रकार मानतात.

एक्स-वाय गुणसूत्रे म्हणजेच लिंग, हा समज मात्र चुकीचा आहे. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील भुंगेऱ्याच्या नरात एक लहान गुणसूत्र दाखवले. त्यांचे निरीक्षण वृषणातील शुक्रपेशींच्या घडणीवर होते. नर कोणता हे आधीच ठरलेले होते, म्हणून तर ते गुणसूत्र नराचे म्हणता आले. गुणसूत्रे लिंग घडवण्याचे एक साधन आहेत, आणि साधने अनेक आहेत. पक्ष्यांत भिन्न गुणसूत्रांची जोडी मादीकडे असते. मधमाश्यांत अफलित अंड्यातून नर निपजतो. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत वाळूचे तापमान निर्णायक ठरते : उबदार वाळूत माद्या, थंड वाळूत नर.

शरीराचे रूप किंवा पिल्ले सांभाळण्याचे काम हीदेखील कसोटी नव्हे. समुद्रघोड्याचा नर पोटाच्या पिशवीत गर्भ वाढवतो, तरी शुक्रपेशी त्याच्याच. गांडूळ एकाच देहात दोन्ही पेशी तयार करते, तर क्लाऊनफिशचा नर पुढे मादी होतो. पपईची रोपे लावणाऱ्यालाही फुले येईपर्यंत थांबावे लागते : लांब लोंबत्या दांड्यावर झुपके आले तर झाड नर, खोडालगत टपोरी कळी आली तर मादी किंवा उभयलिंगी.

बालके, वृद्धा किंवा वंध्य व्यक्ती यांच्याबाबत प्रत्यक्ष पेशी न पाहता जननसंस्था कोणत्या पेशीच्या दिशेने घडली हे पाहतात. काही माणसांत गुणसूत्रे, जननग्रंथी व बाह्य अवयव यांचा मेळ बसत नाही. तेथे ही कसोटी एकटी पुरत नाही आणि वैद्यक प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासते. याच कारणाने काही जीवशास्त्रज्ञ बहुघटकी व्याख्या पसंत करतात. व्यक्तीची सामाजिक ओळख हा निराळा प्रश्न असून भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे.