लग्नाचे फोटो कधी मिळणार?

सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत कोड लिहितो आणि मुहूर्त असतील त्या शनिवार-रविवारी लोकांच्या लग्नात फोटो काढतो. दोन्हीकडे प्रश्न एकच, "डिलिव्हरी कधी?" फरक इतकाच की ऑफिसात क्लायंटला थापा मारायला मॅनेजर असतो, इथे सगळं मलाच निस्तरावं लागतं.

गेल्या महिन्यात एका नवरदेवाचा फोन आला. लग्नाला वर्ष होत आलेलं. फोटोंची लिंक मी महिन्याभरात पाठवली होती, ३० दिवसांत उतरवून घ्या असं ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. पठ्ठ्याने मोबाइलवर बघितले, चार स्टेटसला टाकले आणि विसरला. आता त्याचे काका गेले आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. लग्नात मात्र ते फेटा बांधून फिरत होते. माझ्याकडे फोटो आहेत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, पण लगेच म्हणाला, "फोटो आमचे, मग ते अजून तुझ्याकडे कसे?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरचं तंत्र जाहीर झालं, तेव्हा हा घोळ नव्हता. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटायचं. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही. पत्रा गिऱ्हाइकाच्या हातात दिला की डिलिव्हरी संपली. (साइन-ऑफ, आमच्या भाषेत.) पण त्याच सुमारास इंग्लंडात टॅलबॉटने कागदाची निगेटिव्ह काढली आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रिंट छापता येऊ लागल्या. झालं, फोटोचे दोन तुकडे पडले. प्रिंट तुमच्या घरी, निगेटिव्ह फोटोग्राफरच्या कपाटात. सोर्स कोड आणि एक्झिक्युटेबल म्हणा हवं तर. धंदा पुढे याच फटीत उभा राहिला.

आपल्याकडे हे सगळं फार लवकर पोचलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी, दोघंही तिच्याशी संबंधित होते आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉक्टरी करून फोटो काढणारा माणूस १८५० च्या दशकातल्या मुंबईत होता, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. पार्ट-टाइम फोटोग्राफर ही काही आयटीवाल्यांनी काढलेली टूम नाही तर!

पण माझा खरा हीरो लाला दीनदयाळ. शिक्षण रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात (बघा!), नोकरी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात, आणि फोटोग्राफी आधी फावल्या वेळची. नंतर नोकरी सोडून त्यांनी सिकंदराबादला आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. पडद्यातल्या बायकांसाठी सिकंदराबादला वेगळा जनाना स्टुडिओ, तो चालवायला एक इंग्रज बाई. निगेटिव्ह म्हणजे काचेची प्लेट. जड, आणि हातातून निसटली की संपलं. तरीही त्यांनी प्लेटांना क्रमांक दिले आणि जपून ठेवल्या. त्यातल्या अडीच हजारांहून जास्त प्लेटा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. शंभर वर्षांहून जास्त टिकलेला बॅकअप! माझी पहिली हार्ड डिस्क चौथ्या वर्षी खडखड करून मेली होती.

आता हक्काचा मुद्दा. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. पण पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा. कलम १७. म्हणजे नवरदेवाचं बरोबर होतं, फोटो त्यांचेच. पण निगेटिव्ह कुठे ठेवायची आणि किती वर्षं सांभाळायची, हे काही ते कलम सांगत नाही. ते चालीरीतीवर राहिलं. आणि रीत अशी की प्रिंट आणि अल्बम घरी, निगेटिव्ह स्टुडिओत. कुणाला कॉपी हवी असेल तर परत स्टुडिओत जा, पैसे द्या. यात लबाडी होती असं मला वाटत नाही. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो यायचे, फिल्म महाग, उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' मिळेल तेव्हा मिळेल. एका लग्नात दोन-तीन रोल म्हणजे चैन. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाला एकच क्लिक, मामा मध्ये आला तर आला. रीप्रिंटवरच त्या माणसाचं घर चालायचं.

सत्तरीच्या दशकानंतर रंगीत फिल्म पसरली, ३६ फोटोंचा रोल आला, मग तासाभरात फोटो धुऊन देणारी मशीन्स आली. माझ्या आईबाबांचं लग्न त्याच काळातलं. १९९४, सांगली. जाड पुठ्ठ्याचा अल्बम, पानांमध्ये बटर पेपर, पहिल्या पानावर गणपती.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आईने कपाटातला अल्बम काढला आणि तसाच, मिटलेला, गच्चीवर उन्हात ठेवला. मी तेव्हा कॉलेजात होतो, मलाही कळत नव्हतं. आता माहीत आहे की भिजलेले फोटो आधी अलगद वेगळे करायचे असतात, स्वच्छ पाण्यातून काढायचे, मग सुटे सुटे वाळवायचे. फोटोवरचा थर जिलेटिनचा. भिजला की चिकट होतो आणि वाळताना शेजारच्या कागदाला धरून बसतो. आईने अल्बम उघडला तेव्हा बटर पेपरबरोबर तिचा शालू, आजोबांचा चेहरा, सगळं सोलून निघालं. ती काही बोलली नाही. अल्बम परत मिटवला.

बाबा निगेटिव्हसाठी स्टुडिओत गेले. स्टुडिओ आमच्याच गल्लीत. दुकानदार दारात चिखल उपसत होता, बाजूला पाकिटांचा लगदा. बाबा न विचारताच परत आले.

वाचलं ते आत्यामुळे. ती इंदूरला. १९९४ मध्ये तिला लग्नाला येता आलं नव्हतं, म्हणून आजोबांनी अकरा फोटोंच्या जादा कॉपी काढून टपालाने पाठवल्या होत्या. त्याला आम्ही ऑफ-साइट बॅकअप म्हणतो, आजोबांना ते माहीत असण्याचं कारण नाही. त्या अकरातल्या एकात आजोबा आहेत, अर्धे खांबाआड.

मधला काळ मी भर्रकन सोडतो: करिझ्मा अल्बम, वाइनच्या ग्लासात बसवलेले नवराबायको, मागे स्वित्झर्लंड. त्या सोबत आलेली ४.७ जीबीची डीव्हीडी आज घालायची कुठे? लॅपटॉपला खाच नाही. आणि आता लिंक. रोल नाही म्हणून मी एका लग्नात तीन हजार फोटो काढतो, सातशे देतो. दागेरच्या पत्र्याला निदान वजन होतं.

तर, माझ्याकडे का होते? कारण मी काही पुसत नाही. दोन डिस्क पुण्यात, एक सांगलीला, आता दुसऱ्या मजल्यावर. बायको याला साठेबाजी म्हणते, आणि खर्च बघता तिचं चूक नाही.

काका मला न दिलेल्या फोटोंत सापडले. फेटा थोडा तिरका, कुणाकडे तरी बघून हसताहेत, फोकस जरासा मागे गेलेला, म्हणून मी तो सातशेत घेतला नव्हता. आठ बाय बाराची प्रिंट काढली, बाकी सगळे पेनड्राइव्हवर घातले आणि रविवारी घरी नेऊन दिले. काकूंनी प्रिंट हातात घेऊन विचारलं, "अजून दोन कॉपी मिळतील का रे? मुलींना द्यायच्यात." नवरदेव म्हणाला, लिंकपण परत पाठवून ठेव. पाठवली. त्याला आता दहा दिवस झाले, अजून उघडलेली दिसत नाही.