व्यसन एकाचें, दुखणें घराचें

दारू पिणारा एक असतो. चटके मात्र साऱ्या घरास बसतात. अमेरिकेंत १९१८ सालीं लोइसबाईंचा विवाह बिल विल्सन यांच्याशीं झाला. पतीचें व्यसन सुटावें म्हणून बाईंनीं वर्षानुवर्षें जिवाचें रान केलें. अखेर १९३४ मध्यें विल्सननीं दारू सोडली व पुढील वर्षीं डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संस्था स्थापिली. तरी बाईंस समाधान लाभेना. आपल्या प्रेमास जें साधलें नाहीं, तें परक्यांच्या संगतीनें साधलें, हें शल्य बोचूं लागलें. एके दिवशीं संतापानें त्यांनीं पतीवर जोडाच भिरकावला! तेव्हां उमगलें, कीं दुखणें आपणांसहि जडलें आहे. १९५१ सालीं त्यांनीं एका मैत्रिणीसह व्यसनी माणसांच्या आप्तांसाठीं ‘अल-अ‍ॅनॉन’ मंडळ काढलें. व्यसन आपण लावलें नाहीं, आपल्यानें तें सुटणारहि नाहीं. आपलें मन मात्र सांवरतां येतें, ही त्या मंडळाची शिकवण होय.