घरविक्रीतील दलालीचा भार : मराठवाड्यातील आडत व्यवहाराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. या परिसरात घर किंवा प्लॉट विकला जातो तेव्हा मध्यस्थ बहुधा ओळखीचाच असतो. इसार पावतीवर किंमत, चतुःसीमा, मुदत, साक्षीदार हे सर्व येते. दलालीचा उल्लेख मात्र त्यात सहसा नसतो. ती तोंडी ठरते आणि अनेकदा दोन्ही पक्षांकडून घेतली जाते. ही दलाली वस्तुतः कोणी द्यावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. घरांच्या बाजाराने हा प्रश्न अलीकडे विचारला असला, तरी धान्यबाजाराने तो कितीतरी आधी विचारला होता.

आडतीचा अनुभव

‘दलाल’ हा शब्द मूळ अरबी. वाट दाखविणारा हा त्याचा अर्थ. बाजारात मालाची वाट दाखविणाऱ्याने मोबदला घ्यावा, यात गैर काही नाही. वाद आहे तो मोबदला कोणाच्या खिशातून जावा याचा. वऱ्हाडात 1897 च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारातील व्यवहारांवर नियंत्रण आणले. हैदराबाद संस्थानात, म्हणजे तेव्हाच्या मराठवाड्यातही, 1339 फसली (1930) मध्ये कृषी बाजार कायदा झाला. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्री नियमन कायदा आला. कायदे बदलले, परंतु आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घेण्याची रीत दीर्घकाळ टिकली. याचे कारण न्यायात नसून सोयीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पैसा आडत्याच्या हातातून शेतकऱ्याकडे जात होता. ज्याच्या हाती पैसा, त्याला कपात करणे सोपे.

डिसेंबर 2014 मध्ये राज्याच्या पणन संचालकांनी आडत खरेदीदाराकडून वसूल करण्याचा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी विरोध करताच शासनाने त्यास स्थगिती दिली. जुलै 2016 मध्ये फळे व भाजीपाल्याच्या बाबतीत हा भार खरेदीदारावर टाकण्यात आला, तेव्हाही व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. भार कोणावर हे भावात अखेर मिसळून जाते, असा अर्थशास्त्रीय युक्तिवाद आहे. तो पूर्णतः खरा असता, तर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवण्याचे कारणच उरले नसते.

घराच्या व्यवहारातील मौन

घराच्या व्यवहारात कायदा अन्य खर्चांबाबत बोलका आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 च्या कलम 30 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर खरेदीखताच्या मुद्रांकाचा खर्च घेणाऱ्याने करावयाचा असतो. दलालीबाबत असा नियम नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 219 मोबदला केव्हा देय होतो ते सांगते. कलम 218 प्रमाणे मालकाच्या वतीने आलेली रक्कम प्रतिनिधीने मालकाला द्यावयाची असते आणि कलम 220 प्रमाणे गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीचा त्या कामापुरता मोबदल्याचा हक्क जातो. विक्रेत्याला एक भाव सांगून, घेणाऱ्याला दुसरा सांगून मधली रक्कम ठेवून घेणाऱ्यास ही कलमे ठाऊक नसावीत, किंवा फारच चांगली ठाऊक असावीत!

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 ने मध्यस्थांची नोंदणी सक्तीची केली. परंतु ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती. 500 चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा 8 सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. जुन्या घराची पुनर्विक्रीही त्या कक्षेबाहेर. म्हणजे तालुक्याच्या गावातील बहुतांश व्यवहार रूढीवरच राहिले.

समजा, 20 लाखांच्या घरावर दोघांकडून प्रत्येकी 2 टक्के घेतले. दलालाला 80 हजार मिळतात. रक्कम मोठी आहे, पण खरा प्रश्न तिचा नाही. विक्रेत्याला भाव चढा हवा, घेणाऱ्याला उतरता. दोघांचे पैसे घेणारा माणूस घासाघीस कोणाच्या बाजूने करणार? ज्याने नेमले त्याने द्यावे, हाच न्याय्य मार्ग दिसतो. विक्रेत्याने ग्राहक शोधावयास सांगितले असेल तर विक्रेत्याने, घेणाऱ्याने घर शोधावयास सांगितले असेल तर घेणाऱ्याने.

अमेरिकेत विक्रेताच बहुधा दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांचा खर्च उचलीत असे. ऑक्टोबर 2023 मध्ये मिसुरी राज्यातील ज्युरीने या रीतीविरुद्ध निर्णय दिला. मार्च 2024 मध्ये तेथील मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने 41 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड मान्य केली आणि ऑगस्ट 2024 पासून घर दाखविण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करणे तिच्या सदस्य मध्यस्थांना आवश्यक झाले. जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तेथे डिसेंबर 2020 पासून, विक्रेत्याने नेमलेल्या मध्यस्थाच्या दलालीचा निम्म्याहून अधिक भार स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्यावर टाकता येत नाही, आणि मध्यस्थाशी होणारा करार लिखित स्वरूपातच असावा लागतो. आपल्याकडे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मध्यस्थ कोणी नेमला, त्याला किती आणि कोण देणार, या दोन ओळी इसार पावतीत चतुःसीमेच्या खाली आजही लिहिता येतात.