वाहनातील उच्चदाब व मृदू धुलाई यंत्रणा

वाहनातील उच्चदाब व मृदू धुलाई यंत्रणा म्हणजे भिंती, छपरे, फरसबंदी इत्यादी धुण्यासाठी लागणारे पंप, इंजिन, टाक्या व नळ्या बंदिस्त मालवाहू व्हॅनमध्ये कायमस्वरूपी बसवून तयार केलेली फिरती यंत्रणा होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन इत्यादी देशांत इमारतींच्या बाह्य स्वच्छतेचे व्यावसायिक तिचा वापर करतात. अशा व्हॅनची मांडणी प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते: पाण्याचे वजन, पंपाला मिळणारा पाण्याचा पुरवठा आणि इंजिनाचा धूर व रसायनांच्या वाफा यांपासून चालकाचे संरक्षण.

दोन पद्धती

उच्चदाब धुलाईत, म्हणजे प्रेशर वॉशिंगमध्ये, पाण्याच्या जोरदार झोताने मळ उखडला जातो. व्यावसायिक यंत्रांचा दाब साधारणतः २०० ते २५० बार असतो. काँक्रीट, फरसबंदी यांसारख्या कठीण पृष्ठभागांसाठी ही पद्धत योग्य ठरते. युरोपातील पहिले गरम पाण्याचे उच्चदाब धुलाई यंत्र जर्मनीच्या केर्शर कंपनीने १९५० मध्ये तयार केले.

मृदू धुलाईत, म्हणजे सॉफ्ट वॉशिंगमध्ये, स्वच्छतेचे मुख्य काम रसायन करते. सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण व साबणासारखा पदार्थ कमी दाबाने फवारून शेवाळ, बुरशी व जीवाणू मारले जातात आणि नंतर पृष्ठभाग पाण्याने धुतला जातो. अमेरिकेत डांबरी शिंगलच्या छपरांवर दिसणारे काळे ओघळ ग्लोओकॅप्सा मॅग्मा या सायनोबॅक्टेरियामुळे येतात. उच्चदाबाच्या झोताने शिंगलवरील संरक्षक खनिज कण निघून जातात व छपराचे आयुष्य घटते. त्यामुळे ॲस्फाल्ट रूफिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना अशा छपरांवर उच्चदाब यंत्र वापरू नये आणि ब्लीच व पाण्याचे द्रावण वापरावे, अशी शिफारस करते. एकाच घराचे छप्पर व अंगण धुण्यासाठी दोन्ही पद्धती लागत असल्याने त्यांची उपकरणे बहुधा एकाच वाहनात बसवली जातात.

पाण्याचा पुरवठा

व्यावसायिक पंपाला मिनिटाला १५ ते ३० लिटर पाणी लागते. ग्राहकाच्या घरच्या नळातून अनेकदा त्याहून कमी पाणी येते. पंपाला पाणी अपुरे पडल्यास त्यात हवा शिरते व आतील भाग झिजतात. म्हणून नळ व पंप यांच्या दरम्यान एक साठवण टाकी ठेवतात. उदाहरणार्थ, पंप मिनिटाला २० लिटर पाणी घेत असेल आणि नळ १२ लिटर देत असेल, तर मिनिटाला ८ लिटरची तूट पडते. ४०० लिटरची भरलेली टाकी ही तूट सलग ५० मिनिटे भरून काढते. टाकी भरल्यावर पुरवठा आपोआप बंद व्हावा यासाठी फ्लोट व्हॉल्व्ह बसवतात.

नळाचे पाणी टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा वरून मोकळ्या अंतरातून पडेल अशी जोडणी केल्यास टाकीतील पाणी सार्वजनिक जलवाहिनीत परत जात नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९९९ च्या पाणीपुरवठा जोडणीविषयक नियमांनुसार असा उलटा प्रवाह रोखणे बंधनकारक आहे.

वजन व मांडणी

एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो असते. त्यामुळे ५०० लिटरची भरलेली टाकी वाहनावर अर्ध्या टनाचा भार टाकते. याखेरीज टाकीची चौकट, इंजिन, नळ्यांची रिळे, रसायने व माणसे यांचे वजन धरावे लागते. ब्रिटनमध्ये साधारण मोटारीच्या परवान्यावर चालवता येणाऱ्या पेट्रोल किंवा डिझेल व्हॅनचे एकूण वजन साधारणतः ३,५०० किलोपेक्षा जास्त असून चालत नाही.

जड टाकी शक्यतो चालकामागील मजबूत पार्टिशनला लागून, दोन्ही आसांच्या दरम्यान बसवतात. ती सर्वांत मागे ठेवल्यास पुढील चाकांवरील भार घटतो व वाहनावरील ताबा कमी होतो. अर्धवट भरलेल्या टाकीत वळणावर व ब्रेक लावताना पाणी हिंदकळते. ते रोखण्यासाठी टाकीत आडवे पडदे असतात. केवळ लाकडी तळफळीला किंवा पट्ट्यांनी बांधलेली टाकी अपघातात सुटून चालकावर येऊ शकते. म्हणून तिची पोलादी चौकट वाहनाच्या सांगाड्याला बोल्टने जखडतात.

इंजिन व पंप

मिनिटाला २० लिटर पाणी २०० बार दाबाने ढकलण्यासाठी, पंपातील व इतर नुकसान न धरता, सुमारे ६.७ किलोवॅट शक्ती लागते. ब्रिटनमधील घरगुती प्लगमधून सुमारे ३ किलोवॅटच मिळतात. म्हणून अशा यंत्रांना पेट्रोल किंवा डिझेल इंजिन जोडले जाते. पंप बहुधा तीन दट्ट्यांचा असतो. गनचा चाप सोडल्यावर अनलोडर व्हॉल्व्ह पाणी दुसऱ्या मार्गाने वळवतो. हे पाणी पंपातच फिरत राहिल्यास तापून सील खराब करते. ते टाकीत परत सोडल्यास हा धोका टळतो. थंड प्रदेशांत हिवाळ्यात पंपातील पाणी गोठून पंप फुटू नये म्हणून ते काढून टाकतात किंवा पंपात गोठणरोधक भरतात.

मृदू धुलाईचा भाग

या भागात पॉलिएथिलीनच्या टाक्या, कमी दाबाचा स्वतंत्र पंप, वेगळी नळी व वेगळे रीळ असते. पंप बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पडदा-पंप असतो. हायपोक्लोराइटमुळे धातू गंजतात व सामान्य रबर खराब होते. त्यामुळे सील व जोडण्यांसाठी रसायनरोधक साहित्य निवडावे लागते. साठ्यातील १० ते १५ टक्क्यांचे द्रावण वापरण्यापूर्वी पातळ केले जाते. १२ टक्के द्रावणाच्या एका भागात तीन भाग पाणी घातल्यास ते ३ टक्के होते. हायपोक्लोराइट उष्णतेने व उन्हाने विघटित होत असल्याने उन्हात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये त्याचा मोठा साठा ठेवत नाहीत. आम्लाशी संयोग झाल्यास त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. म्हणून गंजाचे डाग काढण्याची आम्ले वेगळ्या कप्प्यात ठेवतात.

धोके

बंदिस्त जागेत चालणाऱ्या इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा सर्वांत गंभीर धोका मानला जातो. या वायूला रंग किंवा वास नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये लहान पेट्रोल इंजिनांविषयी इशारा प्रसिद्ध केला. त्यात ११ अश्वशक्तीच्या उच्चदाब यंत्राने आपले कोठार धुणाऱ्या एका शेतमालकाच्या मृत्यूची नोंद आहे. तो सुमारे अर्धा तासच काम करत होता. केवळ दारे उघडी ठेवणे पुरेसे नसते. धुराडे बाहेर काढलेले व चालककक्ष पूर्णपणे विलग केलेला असला तरी वायूसूचक यंत्र बसवणे हितावह ठरते. काही व्यावसायिक इंजिन व्हॅनबाहेर उतरवूनच चालवतात.

उच्चदाबाचा झोत त्वचा भेदून आत शिरू शकतो. अशी जखम वरून लहान दिसली तरी आतील ऊतींना मोठी इजा झालेली असू शकते व तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. मृदू धुलाईत डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना रसायनापासून जपावे लागते. परिसरातील झाडे फवारणीपूर्वी व नंतर पाण्याने भिजवतात.

सांडपाणी

धुलाईच्या पाण्यात गाळ, तेल, रंगाचे कण व रसायने असतात. पावसाळी गटारे पुष्कळदा प्रक्रियेविना थेट नदी-ओढ्यांना मिळतात. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यावर आधारलेल्या नियमांमुळे असे पाणी त्यांत सोडण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे अनेक व्हॅनमध्ये गटाराचे तोंड झाकणाऱ्या चटया, पाणी ओढून घेणारा पंप व सांडपाण्याची वेगळी टाकी असते. या टाकीतील पाण्याचे वजनही वाहनाच्या भारक्षमतेत धरावे लागते.