तार्किक 'किंवा'चा इतिहास आणि वऱ्हाडातील संगणक-अध्यापन

आज्ञावलीतील तुलनाचिन्हे व तार्किक चिन्हे संगणकाहून जुनी आहेत. लहान-मोठेपणाची चिन्हे थॉमस हॅरियट यांच्या १६३१ मधील ग्रंथात छापली गेली. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित मांडले. मात्र त्यांची बेरीज परस्परांत न मिसळणाऱ्या वर्गांपुरतीच होती. १८६४ मध्ये विल्यम जेव्हन्स यांनी 'किंवा'मध्ये दोन्ही बाजू खऱ्या असण्यास स्थान दिले. संगणकातील 'किंवा' याच अर्थाचा आहे.

अमरावती-अकोल्यातील नवशिक्या विद्यार्थ्यास 'किंवा' म्हणजे 'दोहोंपैकी एकच' वाटणे स्वाभाविक होय. 'शेतात कापूस किंवा तूर' ही अट कपाशीत तुरीचे आंतरपीक घेणारे वऱ्हाडी शेतही पूर्ण करते, हे त्यास दाखवावे. त्याची अडचण केवळ अज्ञानाची नव्हे. खुद्द तर्कशास्त्रासही ती ओलांडण्यास दहा वर्षे लागली.