पैसा कोणत्या प्रश्नाला?

डी.एन.ए.ची रचना शिकवताना आपण १९५३ हे साल आणि वॉटसन व क्रिक ही नावे सांगतो. परंतु सजीवांतील मोठ्या रेणूंच्या रचनेचा शोध त्याआधी वीस वर्षे नेटाने सुरू झाला होता. त्यामागे एका खासगी धर्मादाय संस्थेच्या कार्यालयात झालेला निर्णय होता.

तेलाच्या व्यापारात गडगंज झालेल्या जॉन डी. रॉकफेलर यांनी १९१३ मध्ये अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठान स्थापन केले. सुरुवातीला त्याचा भर सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षणावर होता. १९३२ मध्ये वॉरन वीव्हर हे गणिताचे प्राध्यापक तेथे निसर्गविज्ञान विभागाचे संचालक झाले. काळ महामंदीचा होता. सर्वच विज्ञानशाखांना थोडेथोडे वाटण्याऐवजी एकच दिशा धरावी, असे वीव्हर यांनी ठरवले. ती दिशा म्हणजे भौतिकी व रसायनशास्त्राची साधने घेऊन सजीवांचा अभ्यास करणे. १९३८ च्या वार्षिक अहवालात त्यांनी तिला ‘रेणवीय जीवशास्त्र’ असे नाव दिले.

अर्ज येण्याची वाट पाहत प्रतिष्ठानचे अधिकारी बसून राहत नसत. ते प्रयोगशाळांतून हिंडत, संशोधकांशी बोलत आणि रोजनिशीत नोंदी करीत. मग माणूस निवडून त्याला साधने व मदतनीस यांसाठी पैसे दिले जात. स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांच्या अतिवेगाने फिरणाऱ्या केंद्रोत्सारक यंत्राला आणि लीड्स येथे ॲस्टबरी यांच्या क्ष-किरण अभ्यासाला असे साहाय्य मिळाले. कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग स्फटिकांच्या रचनेत रमले होते. सजीवांतील रेणूंकडे वळलात तर अनुदान मिळेल, हे वीव्हर यांनी त्यांना स्पष्ट केले. पॉलिंग हिमोग्लोबिनकडे वळले आणि १९५१ मध्ये प्रथिनांच्या सर्पिल रचनेपर्यंत पोहोचले.

ऑक्सफर्डच्या फ्लोरी यांना पेनिसिलिनच्या कामासाठी ब्रिटिश सरकारी परिषदेकडून आरंभी अवघे २५ पौंड मिळाले. त्यांनी जीवरसायनाच्या अंगाने मांडणी करून रॉकफेलर प्रतिष्ठानकडे अर्ज केला, तेव्हा पाच वर्षे दरसाल ५,००० डॉलर मंजूर झाले.

म्हणून देणारा नेहमी दूरदर्शीच असतो असे मात्र नाही. १९३० च्या सुमारास याच प्रतिष्ठानने बर्लिनच्या मानववंश व सुप्रजननशास्त्र संस्थेच्या पाहणीलाही पैसे दिले. पुढे ती संस्था नाझींच्या वंशवादी धोरणाची सेवक झाली. सरकारी खर्चाबद्दल लोकप्रतिनिधी सभागृहात जाब विचारू शकतात. प्रतिष्ठानचे विश्वस्त मात्र मतदारांना उत्तरदायी नसतात.

या इतिहासाचे एक पान आपल्या पुण्यातही आहे. कीटकांद्वारे पसरणाऱ्या विषाणूंचा शोध प्रतिष्ठान तेव्हा अनेक देशांत घेत होते. त्यातूनच १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व माणसेही आजारी पडली. तेव्हा गोचिडांतून पसरणारा नवा विषाणू याच केंद्राने शोधला. प्रश्न निवडला होता न्यूयॉर्कमध्ये. तो येथे उपयोगी पडला. १९६७ मध्ये प्रतिष्ठानने मदत थांबवली, तरी परिषदेने केंद्र चालू ठेवले. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. बाहेरचा पैसा आटल्यावर काम टिकते ते घरचा आधार असला तरच.

विज्ञानाच्या तासाला आपण शोध कोणी लावला आणि कसा लावला, हे सांगतो. त्याबरोबर खर्च कोणी केला, हाच प्रश्न त्याने का निवडला आणि कोणता प्रश्न मागे राहिला, हेही मुलांना शोधायला सांगावे. उत्तर दर वेळी सापडेलच असे नाही. पण शोध आपोआप लागतात ही समजूत तरी त्यामुळे दूर होईल.